जोर कुठं जातो ते आधी बघ

पोरी, एस्टीम घेतलीस हे बरं केलंस. २००७ साली मारुतीनं ती बनवणं थांबवलं, तरी सुटे भाग शोधले की मिळतात. गाडी हलकी आहे, आणि सोळा व्हॉल्व्हचं तेराशे सीसीचं इंजिन ८५ बीएचपी देतं. मातीतल्या ऑटोक्रॉसला सुरुवातीला याहून जास्त लागत नाही. हे खूळ मीच तुझ्या डोक्यात भरलं असं तुझ्या बाबाला वाटतंय. वाटू दे, तो लहानपणापासून माझ्यावरच बिल फाडत आलाय.

तू विचारलंस ते गिअरबॉक्स आणि डिफबद्दल (डिफरन्शियलबद्दल), म्हणून बोलायला तिथूनच सुरुवात करतो. पैसे मात्र उलट्या क्रमानं खर्च करायचे. आधी पिंजरा (रोल केज), सीट, पट्टे, हेल्मेट. मग डिफ. मग क्लच, गिअर, एक्सल. इंजिनाला पहिला हंगामभर हातसुद्धा लावायचा नाही. तुझ्या वयाच्या पोरांचं नेमकं उलटं असतं: आधी एक्झॉस्ट बदलतात, मग ईसीयू, आणि पैसे संपले की हेल्मेट मित्राकडून मागून आणतात.

एक घोळ आत्ताच मिटवू. मोबाइलवर तू जे अमेरिकेतलं ऑटोक्रॉस बघतेस तो खेळ निराळा. तिकडं मोठ्या डांबरी पार्किंगमध्ये नाहीतर जुन्या धावपट्टीवर प्लॅस्टिकचे शंकू मांडतात आणि एकेक गाडी सोडून वेळ मोजतात. इंग्लंडात ऑटोक्रॉस म्हणजे शेतातली, गवतामातीतली शर्यत. आपल्याकडची रीत इंग्लंडच्या जवळची. पुणे असो, नाशिक असो, ऑटोक्रॉस म्हटलं की मोकळं मैदान, मुरूम आणि दोन दिवस नाकातून न जाणारी धूळ. त्यामुळं डांबराला चिकटणाऱ्या टायरच्या हिशेबानं दिलेला अमेरिकन सल्ला इथं जसाच्या तसा वापरला तर फसशील.

ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य काढलेले. कुठलाही नवा भाग हातात घेतला की ते एकच विचारायचे: जोर कुठं जातो? म्हणजे हा भाग मजबूत केलास, मोडणं इथं थांबलं, पण ज्या जोरानं तो मोडत होता तो जोर काही नाहीसा झाला नाही. तो पुढच्या भागावर जाऊन बसला. मग पुढचा भाग कुठला, आणि त्याला तो पेलणार आहे का? तुला मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका प्रश्नातूनच निघतं. गिअरबॉक्सलाही तोच लागू आणि सीटच्या पट्ट्यालाही.

आता डिफ. कारखान्यातून येतं ते साधं डिफ दोन्ही चाकांना सारखा जोर देतं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण सारखा म्हणजे किती, तर कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल तेवढाच. तू कोपऱ्यात गाडी आवळून वळवलीस की सगळं वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं चाक हलकं होतं. समज आतलं चाक ४० न्यूटन-मीटरला घसरायला लागलं. मग बाहेरचं चाक जमिनीत रुतून जोर मागत असलं तरी त्यालाही ४० च मिळणार. तू पाय दाबत राहतेस, इंजिन ओरडतं, आतलं चाक नुसतं धूळ उडवतं आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी इंजिनाला दहा घोडे आणखी जोडलेस तर काय होईल? धूळ वाढेल.

यावर इलाज म्हणजे लिमिटेड स्लिप डिफ. त्यात आपल्या कामाच्या जाती दोन. एक हेलिकल, म्हणजे तिरप्या दात्यांच्या गिअरवर चालणारं. त्याचं एक प्रमाण असतं, समज अडीच. आतलं चाक ४० पेलत असेल तर बाहेरच्याला अडीचपट, म्हणजे १०० पर्यंत मिळतात. आवाज नाही, झिजायला प्लेटा नाहीत, स्टिअरिंग हातातून ओढून घेत नाही. खोट एकच. आतलं चाक खड्ड्यावरून हवेत उचललं गेलं की शून्याची अडीचपट शून्यच. त्याला उपाय तुझ्या डाव्या पायात आहे. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्यानं ब्रेक किंचित दाबायचा. अधांतरी चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो, तोही जोरच, आणि त्याच्या अडीचपट बाहेर जातो. हे रिकाम्या मैदानात शिक. सुरुवातीला डावा पाय क्लचच्याच ताकदीनं ब्रेकवर पडतो आणि कपाळ स्टिअरिंगला लागायची वेळ येते. म्हणून पट्टा बांधूनच शिक.

दुसरी जात प्लेटांची. आत क्लचसारख्या प्लेटा आणि त्यांच्यावर आधीपासून दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड. चाक हवेत असलं तरी हे थोडंफार आवळूनच धरतं. खडबडीत मैदानावर हेच जास्त वेगवान, यात वाद नाही. पण प्लेटा झिजतात, तेल खास लागतं, प्रीलोड अधूनमधून तपासावा लागतो. तपासायचं असं: एक पुढचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गिअर न्यूट्रल, आणि उचललेलं चाक टॉर्क रेंचनं फिरवून कितीला सुटतं ते वहीत लिहायचं. आकडा उतरत गेला की शिम घालायची वेळ आली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत प्लेटांचं डिफ स्टिअरिंगलाही झटके देतं. माझं मत विचारशील तर पहिले एकदोन हंगाम हेलिकल बसव आणि त्याला विसरून जा. गाडी कुठं वेळ खाते हे तुला स्वतःला कळायला लागलं की प्लेटांचं बघू. मागवण्याआधी मात्र तुझ्याच गिअरबॉक्समधलं जुनं डिफ काढून एक्सलचे स्प्लाइन, बेअरिंगची बैठक आणि क्राऊनच्या बोल्टांची मापं घे. कॅटलॉगातल्या गाडीच्या नावावर विसंबू नकोस.

कुणीतरी तुला तिसरा मार्ग सांगेलच: डिफ उघडायचं, आतले गिअर वेल्डिंगनं जाम करायचे, खर्च जवळपास शून्य. कुणी सांगितलं तर मान हलव आणि विषय बदल. पुढची चाकं ओढतात आणि वळतातही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, जाम डिफ ते कापू देत नाही. मग तो फरक कुठं जातो? एक्सल पिळण्यात आणि तुझ्या मनगटात.

गिअरचं गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी एकदा मांडून दाखवतो. टायर १७५/७० आर १३ धर. त्याचा घेर साधारण १.८ मीटर. दुसरा गिअर १.९ आणि फायनल ड्राइव्ह ४.१ धरलं तर ६५०० आरपीएमला दुसऱ्या गिअरात ९० च्या आसपास वेग मिळतो. आपल्या मैदानावर तुला ९० गाठायला जागा कुठं आहे? बहुतेक वेळ तू ३० ते ७० मध्येच असणार, म्हणजे इंजिन आपल्या ताकदीच्या खाली रेंगाळत राहणार. फायनल ड्राइव्ह ४.५ केलंस तर दुसऱ्याचा शेंडा ८२ वर येतो, आणि त्या बदल्यात प्रत्येक गिअरात चाकावरचा जोर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. इंजिन उघडून दहा टक्के मिळवायला किती खर्च येतो ते कुणालाही विचार. इथं फक्त क्राऊन-पिनियनची जोडी बदलायची. डिफसाठी गिअरबॉक्स उतरवणारच आहेस, तर दोन्ही कामं एकाच वेळी कर, मजुरी एकदाच. मात्र तुझ्या वर्गाच्या नियमात फायनल ड्राइव्ह बदलायला परवानगी आहे का, हे आधी वाच. प्रत्येक स्पर्धेचे पूरक नियम वेगळे छापलेले असतात आणि कंटाळवाणे म्हणून कुणी वाचत नाही. स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, मग चेहरे बघण्यासारखे होतात.

क्लचबद्दल तू म्हणालीस, तांब्याच्या गोट्यांची रेसिंग प्लेट टाकू या. नको. इंजिन मूळचंच असताना चांगल्या अवस्थेतला मूळ क्लच त्याचा टॉर्क आरामात पेलतो. ती सिरॅमिक-धातूची प्लेट एकतर सुटलेली असते नाहीतर पकडलेली, मधलं काही नाही. सुटताना तिनं पकड घेतली की सगळा हिसका सरळ गिअरबॉक्स आणि एक्सलवर. साधा क्लच असा हिसका आला की क्षणभर सरकतो आणि पुढच्यांना वाचवतो. म्हणून साधी ऑरगॅनिक प्लेट, हवी तर थोडी कडक प्रेशर प्लेट, आणि रिलीज बेअरिंग दरवेळी नवं. गिअरबॉक्स खाली असताना बेअरिंगचे पैसे वाचवणाऱ्या माणसाला मी गिऱ्हाईक म्हणत नाही.

फ्लायव्हीलपाशी जरा थांबतो, कारण आपल्या गावात ही खोड फार आहे. लेथ गल्लोगल्ली, मग मूळचं बिडाचं फ्लायव्हील लावलं चकवर आणि काढला दोन किलो माल. गाडी पटकन आरपीएम घेते, पोरं खूश. पण बीड दाबाला घट्ट असतं, ताणाला कच्चं. फिरत्या चाकातला ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ७००० वर गेलीस तर वेग सहावा हिस्सा वाढला असं वाटतं, ताण मात्र ३६ टक्क्यांनी वाढलेला असतो. त्यात क्लच तापून पृष्ठभागावर बारीक केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. आडव्या बसवलेल्या इंजिनात फ्लायव्हीलची चकती पुढून मागे अशी फिरते. फुटलं तर तुकडे बोनेटमधून वर आणि फायरवॉलमधून पायांकडं येतात. हलकं फ्लायव्हील हवंच असेल तर पोलादाच्या एका तुकड्यातून कातलेलं, रेसिंगसाठीच बनवलेलं घे आणि प्रेशर प्लेट लावून दोन्ही एकत्र बॅलन्स कर. आणि खरं सांगायचं तर मातीत फार हलकं फ्लायव्हील सुटताना गाडी बंद पाडतं. त्यामुळं ही यादीतली शेवटून दुसरी गोष्ट.

एक्सल मोडतात, हे गृहीतच धर. मातीत चाक घसरतं म्हणून एक्सलला आराम, असा लोकांचा समज. पण मोकळ्या मुरमात गरगरणारं चाक पुढच्या क्षणाला कडक पट्ट्यावर चढलं की एकदम अडतं, आणि चाकाच्या, गिअरच्या, फ्लायव्हीलच्या फिरण्यातली सगळी ताकद त्या एका क्षणात एक्सलवर येते. माझ्याकडं आलेले मोडके एक्सल बहुतेक असेच गेलेले. दुसरं कारण स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना दाबलेला ॲक्सिलरेटर. बाहेरचा सीव्ही जॉइंट जितका वाकलेला तितका अशक्त. सुटण्याच्या रेषेवर चाकं सरळ ठेव, आणि आवळ वळणात चाकं थोडी उलगडली की मगच पूर्ण पाय दे.

मातीसाठी तू गाडी उचलणार, लांब स्प्रिंग घालणार. तेव्हा हे करून बघ: गाडी जॅकवर घे, चाकं पूर्ण खाली लोंबू दे आणि हातानं फिरव. आतला जॉइंट अडखळतो का, त्यातला तीन पायांचा ट्रायपॉड कपाच्या तोंडाशी येतो का ते बघ. तसं असेल तर गाडी फार उचलली गेलीय. पहिल्या उडीतच एक्सल बाहेर येईल आणि सोबत गिअरचं तेलही. डाव्या-उजव्या एक्सलची लांबी सारखी नसते, म्हणून जोडीला दोन्ही बाजूंचे जादा एक्सल घेऊन जायचं, नवे बूट आणि मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस भरून, तयार. बूट फाटलेला दिसला की उद्यावर ढकलायचं नाही. आत गेलेली माती ग्रीसमध्ये मिसळून जॉइंट पॉलिश केल्यासारखा झिजवते.

माउंटिंग आणि तेल, दोन वाक्यांत. इंजिनाची माउंटिंग फाटलेली असतील तर जोर लावताना इंजिन उड्या मारतं आणि दुसरा गिअर सापडत नाही. नवी मूळची घाल, फार तर एक पॉलियुरेथेनचं. तेल कंपनीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं, जीएल-४. भारी म्हणून जीएल-५ ओतू नकोस, त्यातली काही रसायनं सिंक्रोच्या पितळेला खातात. ड्रेन प्लगला चुंबक लावून घे. त्यावर मऊ राखाडी लेप आला तर ठीक, कणी आली तर गिअरबॉक्स खाली.

हा झाला इंजिनाचा जोर. आता तुझ्या अंगाचा.

ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी बांधाला आपटून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, असं धर. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट झटका. तुझं वजन ६० किलो धरलं तर त्या क्षणी पट्ट्यांना जवळजवळ १२०० किलो धरायचे असतात, तुझ्या सबंध गाडीच्या वजनाहून जास्त. तो जोर पट्ट्यातून बोल्टात, बोल्टातून सीटच्या पायात आणि पिंजऱ्यात, तिथून फ्लोअरच्या पत्र्यात जातो. आता सांग, २५ पावसाळे खाल्लेला पत्रा १२०० किलो पेलेल?

म्हणून पिंजऱ्याची सुरुवात पाइपापासून नाही, फ्लोअरपासून होते. अस्तर काढ, डांबराचा थर खरवडून काढ, गंज दिसला तर पत्रा कापून नवा लाव. एफआयएच्या, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या, नियमात पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाखाली निदान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी सांगितलीय, बोल्टचा पाय असेल तर निदान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. पट्टी मोठी असते ती जोर पसरावा म्हणून. छोटी पट्टी लावलीस तर उलटलेल्या गाडीत पाइप फ्लोअर फोडून खाली जातो आणि छप्पर वरून येतं.

पाइप सीमलेस, कोल्ड ड्रॉन. डोक्यामागच्या मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर, बाकीच्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. कमान एका अखंड पाइपाची, मध्ये जोड नाही. वाकवायची ती थंडच, मशिनवर, वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट. आपल्याकडं वाळू भरून, गॅसनं लाल करून पाइप वाकवणारे कसबी लोक आहेत, त्यांचा हात बघत राहावा असा. त्यांच्याकडून गेटची कमान करून घे, पिंजरा नको. तापवलेल्या पोलादाची ताकद कुठं किती राहिली हे कुणाला सांगता येत नाही. वळणात पाइप चपटा होता कामा नये: अरुंद व्यास रुंद व्यासाच्या ०.९ पट तरी हवा, कॅलिपर लावून बघ. मागचे टेकू उभ्या रेषेपासून निदान ३० अंश तिरपे हवेत. आणि नळाच्या जीआय पाइपाचा पिंजरा रंग मारला की हुबेहूब खऱ्यासारखा दिसतो. जस्तावर केलेलं वेल्डिंग पोकळ राहतं, शिवाय त्याचा धूर वेल्डरला ताप आणतो. पाइपाचं बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट दोन्ही फाइलला लाव, स्क्रुटिनीला मागतात.

पिंजरा बसला की गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरून न्यायची. एकतर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे; कंपनीनं बनवलेल्या गाडीत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये सांगितलंय. पण मला कायद्याहून डोक्याची काळजी जास्त. हेल्मेट न घालता पिंजऱ्याच्या गाडीत बाजारात गेलीस आणि मागून रिक्षा धडकली, तर डोकं जाऊन आदळणार ते पोलादी पाइपावर. हेल्मेट असलं तरी डोक्याजवळच्या पाइपांना एफआयए ८८५७-२००१ चं कडक पॅडिंग लागतं. एसीच्या पाइपाला गुंडाळतात तो काळा फोम चालणार नाही. बोटानं दाबून बघ, तो तुझ्या बोटालाही थांबवत नाही.

सीट घेताना मागचं लेबल बघ. एफआयए ८८५५-१९९९ चं असेल तर बनवल्या तारखेपासून पाच वर्षं चालते, ८८६२-२००९ चं असेल तर दहा. बाजारात तशाच आकाराच्या, तशीच अक्षरं भरतकाम केलेल्या नकली सीटा ढिगानं मिळतात. आतलं फायबर कुणी तपासलेलं नसतं. मूळच्या सरकत्या रुळांवर रेसिंग सीट बसवू नकोस, ३ मिलिमीटर पोलादी ब्रॅकेट कर आणि फ्लोअरखाली प्रत्येक बोल्टाला ४० चौरस सेंटिमीटरची पट्टी दे.

पट्टे सहा टोकांचे. खांद्याचे पट्टे सीटमधून मागे जाताना जवळजवळ आडवे असले पाहिजेत, फार तर दहाएक अंश खाली. मागच्या सीटच्या फ्लोअरला थेट बांधले तर ते तिरके खाली ओढतात, आणि धडकेत तो जोर तुझ्या पाठीच्या कण्यावर उभा येतो. म्हणून पिंजऱ्याला आडवी नळी देऊन तिला गुंडाळायचे. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर, पोटावर नाही. मांड्यांमधले पट्टे त्याला वर सरकू देत नाहीत. आधी कमरेचा आवळ, मग खांद्याचे. उलटं केलंस तर कमरेचा पोटावर ओढला जातो. पट्टे अडकवायच्या आय-बोल्टांचे आटे बहुधा सात-सोळांश इंची यूएनएफ असतात. दुकानदार जवळचा मेट्रिक नट देईल, दोन आटे चढेलही, मग अडेल आणि कुणीतरी पाइप लावून पिळेल. तिथून तो बोल्ट बाद.

इथं पुन्हा मिस्त्रींचा प्रश्न. पट्ट्यांनी धड जागच्या जागी धरलं. मग जोर कुठं गेला? मानेत. डोकं आणि हेल्मेट मोकळंच असतं, ते पुढं जातच राहतं. १८ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीला धडकला. धडक बघणाऱ्यांना फार मोठी वाटली नव्हती, पण कवटीच्या तळाचं हाड मोडून तो गेला. मान वाचवणारं साधन तेव्हा बाजारात होतं. मिशिगनच्या विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी ते १९८० च्या दशकात बनवलं होतं, पण अवघडल्यासारखं होतं म्हणून बरेच जण घालत नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारनं डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं, २००३ पासून फॉर्म्युला वननंही. हान्स म्हणतात ते हेच. तुला अवघडेल, सवय कर. त्याची कडी हेल्मेटला लावायला आधीपासून जागा दिलेलं हेल्मेट घे. घरच्या ड्रिलनं हेल्मेटला भोक पाडायचं नाही.

हेल्मेट बाइकचं नको. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचे इथं कामाचे शिक्के दोन, एम आणि एसए. एम मोटरसायकलसाठी, एसए गाडीतल्या शर्यतीसाठी. एसएची आगीत चाचणी होते आणि पिंजऱ्याच्या पाइपासारख्या गोलाकार पोलादावर आदळूनही. एमच्या या दोन्ही चाचण्या होत नाहीत. केसांचा अंबाडा घालून वर हेल्मेट चढवलंस तर ते डोक्यावर टेकतच नाही. सैल वेणी घाल आणि ती ओव्हरऑलच्या आत सोड. ओव्हरऑलच्या आत नायलॉनचं, पॉलिस्टरचं काही नको. ते वितळून कातडीला चिकटतं. अगदी मोजेसुद्धा सुती.

अग्निशामक दोन किलोचं, धातूच्या दोन पट्ट्यांनी फ्लोअरला बांधलेलं, आणि धडकेत नळकांडं पट्ट्यांतून पुढं निसटू नये म्हणून अडसर लावलेलं. पावडरचं असेल तर प्रवासात ती खाली बसून घट्ट होते. प्रत्येक स्पर्धेआधी उलटं करून हलव, आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे. पट्टे आवळून बसल्यावर हात पोचतो का ते बघ. पोचत नसेल तर जागा बदल, हात लांब होणार नाही.

किल स्विच हा सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा बसवलेला. साधा दोन टोकांचा स्विच फक्त बॅटरी तोडतो. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर वीज बनवतच राहतो, फ्युएल पंप चालू राहतो, आणि उलटलेल्या गाडीत फुटलेल्या नळीतून पेट्रोल येत राहतं. सहा टोकांचा घे, तो इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरची उरलेली वीज रेझिस्टरमधून जिरवतो. बसवल्यावर इंजिन ३००० आरपीएमवर धरून, दिवे लावून स्विच फिरव. दिवे गेले आणि इंजिन चालूच राहिलं तर वायरिंग चुकलंय. बाहेरची खेचकडी काचेच्या खालच्या कोपऱ्यापाशी, शेजारी पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल विजेची खूण. त्रिकोणाचा पाया निदान १२ सेंटिमीटर हवा, मार्शलला धुळीतून दिसला पाहिजे.

आणि एक रंगीत तालीम घरीच कर. हेल्मेट, हान्स, हातमोजे, सगळं घालून पट्टे आवळून बस, डोळे मीट, आणि बाहेर पड. एकदा तुझ्या दारानं, एकदा पलीकडच्या. बकल कुठल्या दिशेनं फिरतं, स्टिअरिंग गुडघ्याला लागतं का, पलीकडच्या दाराची कडी हाताला सापडते का, हे अंगवळणी पडायला हवं. पहिल्या वेळी हान्स पिंजऱ्यात अडकेल. तुझ्या बाबाला शेजारी घड्याळ घेऊन उभा कर, तेवढाच त्याचाही सहभाग.

रविवारी गाडी गॅरेजवर आण. पाइपाची ऑर्डर त्याआधी देऊ नकोस. फ्लोअर उघडून गंज किती हे बघितल्याशिवाय पायांची जागा ठरवता येणार नाही, आणि पायांची जागा ठरल्याशिवाय पाइपांची मापं निघणार नाहीत. येताना जुने कपडे आण आणि पूरक नियमांची छापील प्रत आण, मोबाइलवरची नको. ग्रीसच्या हातानं मला मोबाइल चालवता येत नाही.